बॅकयार्डमधलं कॉर्नहोल: तुम्ही सतत विचारता ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आम्ही राहतो अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बाजूला, म्हणजे कॉर्नहोलच्या अगदी माहेरघरात. मे महिन्यात थंडी गेली की इथे दर दोन-तीन घरांमागे एखाद्या बॅकयार्डमधून धप्प, धप्प असा आवाज यायला लागतो. मंडळाच्या समर पिकनिकला आम्ही बोर्ड ठेवायला लागलो तेव्हापासून मला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, टेक्सासमधून येतात, न्यू जर्सीमधून येतात, आता पुण्याहूनसुद्धा यायला लागलेत, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तो नंबर सांगितलाय, म्हणजे परत परत तेच वाचायला नको.

१. कॉर्नहोल म्हणजे नक्की काय? आम्ही फक्त लांबून बघितलंय.

दोन तिरके लाकडी बोर्ड समोरासमोर ठेवायचे, प्रत्येक बोर्डच्या वरच्या बाजूला एक गोल भोक, आणि एका बोर्डपाशी उभं राहून समोरच्या बोर्डवर छोट्या भरलेल्या बॅगा टाकायच्या. बॅग भोकात गेली तर ३ पॉइंट, बोर्डवर राहिली तर १, खाली पडली तर काही नाही. प्रत्येक बाजूला ४ बॅगा, आळीपाळीने एकेक टाकायची, ८ बॅगा संपल्या की एक राउंड झाला. आधी २१ करेल तो जिंकला. एवढंच, पाच मिनिटांत कुणालाही शिकवता येतं. खरी गंमत पॉइंट मोजण्याच्या पद्धतीत आहे आणि नव्वद टक्के लोक नेमकी तीच चुकवतात, त्यासाठी प्रश्न ५ नक्की वाचा.

२. हा खेळ आला कुठून? कुणी रेड इंडियन लोकांचा म्हणतं, कुणी जर्मनीचा.

दोन्ही गोष्टी इंटरनेटवर फिरतात, केंटकीच्या एका शेतकऱ्याचीही एक गोष्ट आहे, पण कुठल्याच गोष्टीला पुरावा नाही. कागदावर सापडतं ते असं की १८८३ मध्ये हेलिगर द विंट नावाच्या माणसाने 'पार्लर क्वॉइट्स' नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं, त्यात तिरका बोर्ड होता, बीन्स भरलेल्या बॅगा होत्या, फक्त भोक चौकोनी होतं. लोखंडी कड्या फेकण्याचा क्वॉइट्स हा जुना खेळ घरात खेळता यावा म्हणून हा खटाटोप. मग मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेळणी कंपनीने त्याचे हक्क घेऊन 'फाबा बागा' नावाने तो विकला, त्यात दोन वेगवेगळ्या आकाराची भोकं होती आणि प्रत्येकाला एक मोठी बॅग मिळायची जिचे डबल पॉइंट.

पुढे सप्टेंबर १९७४ च्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात घरच्या घरी असा बोर्ड कसा बनवायचा ते आलं, आजच्यापेक्षा बोर्ड थोडा छोटा पण भोक तेवढंच, ६ इंची. आज आपण जो खेळतो तो सिनसिनाटीच्या वेस्ट साइडला आणि नदीपलीकडे नॉर्दर्न केंटकीत रुजला, तिथून फुटबॉल मॅचच्या पार्किंग लॉटमध्ये टेलगेटिंगला, म्हणजे मॅचआधी गाड्यांपाशी रंगणाऱ्या पार्ट्यांना पोचला आणि तिथून सगळीकडे. शिकागोकडे याच खेळाला नुसतं 'बॅग्ज' म्हणतात, तिकडच्या मित्राने बॅग्ज खेळायला बोलावलं तर गोंधळू नका.

३. पण मग आत्ता अचानक सगळीकडे का दिसायला लागलाय? दहा वर्षांपूर्वी तर आमच्याकडे कुणाला माहीतही नव्हता.

एकच एक कारण नाही. २०१५ मध्ये अमेरिकन कॉर्नहोल लीग सुरू झाली, ए.सी.एल. म्हणतात तिला, मग ई.एस.पी.एन.वर मॅचेस दिसायला लागल्या आणि जो खेळ फक्त ओहायो-केंटकी-इंडियानाकडच्या लोकांना माहीत होता तो कॅलिफोर्नियातल्या घरातही टीव्हीवर पोचला. मग २०२० आलं. बाकीचे खेळ ठप्प, स्टेडियम बंद, आणि कॉर्नहोलमध्ये काय, दोन माणसं अंतर ठेवून उभी राहू शकतात, कुणी कुणाला हात लावत नाही, त्यामुळे टीव्हीवर लवकर परत आलेल्या खेळांमध्ये हा होता. घरात अडकलेल्या लोकांनी बॅकयार्ड सजवायला घेतलं होतंच, त्यात बोर्डांची जोडी आली. आता ब्रुअरी असो, लग्नाचं रिसेप्शन असो की ऑफिसची पार्टी, बोर्ड असतातच.

माझं मत विचाराल तर हे सगळं खरं असलं तरी खेळ टिकला तो वेगळ्या कारणाने. एका हातात मक्याचं कणीस किंवा पेप्सीचा कॅन धरून दुसऱ्या हाताने खेळता येतो, गप्पा मारता मारता खेळता येतो, आणि सत्तरीचे आजोबा नि बारा वर्षांची नात एकाच टीममध्ये खरंच बरोबरीने खेळू शकतात. व्हॉलीबॉलमध्ये हे होत नाही, क्रिकेटमध्ये तर नाहीच, तिथे आजोबांना अंपायर करून बसवतात.

४. जागा किती लागते? बोर्ड किती लांब ठेवायचे? आमचं यार्ड छोटं आहे.

ऑफिशियल अंतर २७ फूट, आणि ते मोजायचं एका बोर्डच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्या कडेपर्यंत. भोकापासून भोकापर्यंत मोजू नका. दोन्ही बोर्डांची लांबी ४-४ फूट धरली की झाले ३५, मागे उभं राहायला थोडी जागा, म्हणजे साधारण ४० फूट लांब आणि ८ ते १० फूट रुंद पट्टा हवा. तुम्ही बोर्डच्या पुढच्या कडेशी उभे राहिलात तर समोरचं भोक तुमच्यापासून ३० फुटांवर असतं.

कृपा करून टेप घेऊन मोजा. लोक अंदाजे पावलं टाकून बोर्ड ठेवतात, ते २० फुटांवर पडतात, मग दोन राउंडमध्ये गेम संपतो आणि सगळे म्हणतात हा तर फारच सोपा खेळ आहे, कंटाळा आला. किंवा मग ३५ फुटांवर ठेवतात आणि कुणाचीच बॅग बोर्डला लागत नाही. यार्ड छोटं असेल तर खुशाल २१ फुटांवर खेळा, फक्त दर वेळी तेच अंतर ठेवा म्हणजे हाताला सवय होते. आणि जमलं तर बोर्ड उत्तर-दक्षिण ठेवा, संध्याकाळी एका टीमच्या डोळ्यांवर ऊन येत नाही.

५. पॉइंट नक्की कसे मोजायचे? आमच्याकडे दोघांचेही पॉइंट आपापल्या स्कोअरमध्ये मिळवतात, ते बरोबर की चूक?

चूक. म्हणजे घरी काय हवं ते करा, पण खरी पद्धत वजाबाकीची आहे आणि तीच या खेळाचा जीव आहे.

राउंड संपला की दोन्ही बाजूंचे पॉइंट मोजायचे, मोठ्यातून छोटा वजा करायचा, आणि उरलेले पॉइंट फक्त जास्तवाल्याला. समजा तुमची एक बॅग भोकात आणि दोन बोर्डवर, म्हणजे ३ अधिक २, झाले ५. समोरच्याची एक भोकात आणि एक बोर्डवर, झाले ४. त्या राउंडमध्ये तुम्हाला मिळाला १ आणि त्याला शून्य. दोघांचे सारखे झाले तर कुणालाच काही नाही. एका राउंडमध्ये जास्तीत जास्त १२ होऊ शकतात, चारही बॅगा भोकात आणि समोरच्याचं काहीच नाही, असं झालं तर.

यामुळे होतं काय की तुमची बॅग भोकात गेली की समोरच्याला लगेच उत्तर द्यावं लागतं. त्याने पण टाकली तर तुमचे तीन गेले. मग बोर्डवर भोकाच्या तोंडाशी मुद्दाम एक बॅग अडवी टाकून ठेवायची, तिला ब्लॉकर म्हणतात, आता त्याला घसरत जायला वाट नाही, तो एक तर तुमची बॅग ढकलणार (प्रश्न १३ बघा) किंवा वरून थेट भोकात टाकणार, ज्याला एअरमेल म्हणतात. नुसती बेरीज करत गेलं की हे सगळं संपतं, प्रत्येक जण आपापलं टाकत बसतो, समोर कोण आहे याने फरकच पडत नाही. ज्यांना खेळ बोअर वाटतो त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते की पॉइंट कसे मोजता.

६. २१ च्या वर गेलं तर परत खाली यायचं ना? आमचे शेजारी म्हणतात १५ वर यायचं.

ऑफिशियल नियमात असं काही नाही. राउंड पूर्ण झाल्यावर २१ किंवा त्याहून जास्त झाले की जिंकलात, २३ झाले तरी जिंकलात. दोनच्या फरकाने जिंकायची अटही नाही. आणि दोघं एकदम २१ ला पोचले तर काय, हा प्रश्न फार येतो, तर ते होऊच शकत नाही कारण वजाबाकीमुळे एका राउंडमध्ये एकाचेच पॉइंट वाढतात.

शेजाऱ्यांचा 'बस्ट' हा घरगुती नियम आहे, बरोब्बर २१ व्हायला हवेत नाहीतर मागे, कुणी १५ वर आणतं, कुणी ११ वर. मजा येते पण गेम लांबत जातो, लाइनमध्ये लोक थांबले असतील तर नका लावू. तसंच कुणी ११-० झाले की गेम संपला म्हणतात, कुणी ७-० ला, हेही घरगुतीच. काय खेळणार ते पहिली बॅग टाकायच्या आधी ठरवा.

७. चौघं असलो तर कोण कुठे उभं राहतं? दोघंच असलो तर?

चौघं असाल तर पार्टनर शेजारी शेजारी उभे राहत नाहीत, समोरासमोर राहतात. म्हणजे प्रत्येक बोर्डपाशी दोन्ही टीमचा एकेक माणूस. या टोकाचे दोघं आपल्या ८ बॅगा टाकतात, पॉइंट मोजतात, मग त्या टोकाचे दोघं त्याच बॅगा उचलून इकडे टाकतात. कुणाला चालावं लागत नाही, आणि तुमच्या शेजारी प्रतिस्पर्धी असल्यामुळे गप्पा भरपूर होतात. दोघंच असाल तर दोघंही एकाच टोकाला, बॅगा टाकल्या की चालत पलीकडे जायचं आणि तिकडून परत.

बोर्डच्या बाजूला उभं राहून टाकायचं, बॅग सुटेपर्यंत पाय बोर्डच्या पुढच्या कडेच्या पुढे जायला नको. गेला तर फाउल, ती बॅग उचलून बाजूला. मागच्या राउंडमध्ये ज्याला पॉइंट मिळाले तो पुढच्या राउंडला पहिला टाकतो. राउंड शून्यावर सुटला तर पहिलं कोण, हे आधी ठरवून घ्या.

८. माझी बॅग नेहमी बोर्डच्या पलीकडे जाऊन पडते, नाहीतर गोल गोल घरंगळते. टाकायची तरी कशी?

हातात चुरगाळून बॉलसारखी टाकत असाल, नवीन सगळे तसंच करतात. बॅग आधी हाताने थापून चपटी करा, आतला माल सगळीकडे सारखा पसरू दे. मग तळहातावर आडवी ठेवा, अंगठा वर, चार बोटं खाली. हात खालून पुढे न्यायचा, उजव्या हाताने टाकत असाल तर डावा पाय पुढे, आणि सोडताना मनगट अगदी हलकं फिरवायचं म्हणजे बॅग हवेत आडवी चक्कर खात जाते आणि बोर्डवर सपाट पडते. सपाट पडली की घसरते, कोपऱ्यावर पडली की उड्या मारते.

दुसरं म्हणजे नेम भोकावर धरू नका. बोर्डच्या पुढच्या अर्ध्या भागावर टाकायची आणि घसरत वर जाऊ द्यायची. जोर कमी आणि उंची बऱ्यापैकी, डोक्याच्या वर चांगली जाऊ दे. सुरुवातीला चारपैकी दोन बोर्डवर राहिल्या तरी छान चाललंय समजा. प्रो लोकांची एका राउंडची सरासरी १२ पैकी १० च्या आसपास असते, पण ते रोज तासन्‌तास टाकतात.

९. सेट विकत घ्यावा की घरी बनवावा?

सुतारकामाची थोडी जरी आवड असेल तर बनवा, एका वीकेंडचं काम आहे. बोर्ड ४ फूट बाय २ फूट, भोकाचा व्यास ६ इंच, भोकाचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंचांवर. मागची कड जमिनीपासून १२ इंच उंच, पुढची ३ ते ४ इंच. वर प्लाय, किमान अर्धा इंच जाड, पाऊण इंच असेल तर उत्तम, खाली टू-बाय-फोरची, म्हणजे साधारण २ बाय ४ इंची लाकडी पट्ट्यांची फ्रेम. मागचे पाय बोल्टवर बसवले की घडी होतात आणि गाडीच्या ट्रंकमध्ये मावतात.

आता ज्या गोष्टी नकाशात नसतात त्या सांगते. फ्रेमला मधोमध एक आडवी पट्टी मारा, अर्ध्या इंचाचं प्लाय मध्ये दबतं आणि बॅग उसळते. स्क्रूची डोकी आत बुडवून वर पुटी भरा, एक जरी डोकं वर राहिलं तरी बॅगा फाटतात. भोकाची कड सँडपेपरने चांगली गोल करा, आतूनसुद्धा हात फिरवून बघा, तिथेच कापड अडकतं. मागचे पाय खालून तिरके कापावे लागतात, ते न कापता ठेवले की बोर्ड टोकावर उभा राहतो आणि दर बॅगेला सरकतो. रंगाचे थर पातळ द्या, प्रत्येक थर नीट वाळू द्या, वर वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन, आणि मग निदान आठवडाभर त्यावर खेळू नका, मुलं कितीही मागे लागली तरी.

विकत घ्यायचा असेल तर फक्त एकच बघा, की बोर्ड पूर्ण मापाचा आणि लाकडाचा आहे ना. तीन फुटी प्लास्टिकचे किंवा घडीचे कापडी सेट बीचवर न्यायला ठीक आहेत, पण त्यावर बॅग घसरत नाही, आणि घसरणं नसेल तर प्रश्न ५ आणि ८ मधलं काहीच उपयोगी पडत नाही.

१०. बॅगेत मका असतो की प्लास्टिक? कुठली घ्यावी?

जुन्या पद्धतीत जाड कॅनव्हासची बॅग आणि आत वाळलेला अख्खा मका. आता बहुतेक बॅगांमध्ये प्लास्टिकचे बारीक दाणे असतात, आणि प्रो बॅगांना दोन वेगळ्या बाजू असतात, एक गुळगुळीत म्हणजे जास्त घसरणारी, दुसरी खरखरीत म्हणजे लवकर थांबणारी. ब्लॉकर टाकायचा तर खरखरीत बाजू खाली, भोकात घसरवायची तर गुळगुळीत खाली. माप दोन्हींचं सारखंच, ६ बाय ६ इंच आणि वजन सुमारे १६ औंस, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.

मक्याची बॅग हातात फार छान वाटते, तो आवाजही वेगळा, पण ओली झाली की बुरशी येते आणि गॅरेजमध्ये ठेवली की उंदीर शोधत येतात, हे अगदी खात्रीने सांगते. पिकनिकला, पोरांना, दव पडलेल्या गवतावर खेळायला प्लास्टिक दाण्यांचीच घ्या. प्रो बॅगा महाग असतात, चार बॅगांच्या सेटला ६० ते १०० डॉलर सहज, एवढी गरज सुरुवातीला नसते. घरी शिवणार असाल तर कापड ७ बाय ७ कापा, म्हणजे शिवण जाऊन ६ उरतं, दुहेरी शिवण घाला, साधारण दोन कप मका भरा आणि किचनच्या वजनकाट्यावर प्रत्येक बॅग मोजा. आठही बॅगांचं वजन सारखं असणं हे रंगापेक्षा आणि लोगोपेक्षा महत्त्वाचं.

११. काल बॅगा मस्त घसरत होत्या, आज तोच बोर्ड चिकटतोय. काय झालं?

हवा. दमट दिवशी बोर्डचा पृष्ठभाग ओलसर होतो आणि बॅगा अडकतात, कोरड्या हवेत त्याच बॅगा भोकावरून पुढे पळतात. म्हणूनच मोठ्या स्पर्धेत लोक दोन-तीन प्रकारच्या बॅगा घेऊन येतात. घरी एवढं करा की खेळायच्या आधी कोरड्या फडक्याने बोर्ड पुसा, आणि रात्री बाहेर ठेवू नका. आपण कॅरमवर पावडर टाकतो तशी इथेही टाकावी असं खूप जणांना वाटतं, घरच्या खेळात थोडी चालेल, पण मॅच चालू असताना दोघांच्या संमतीशिवाय बोर्डला काही लावायचं नाही. मक्याच्या बॅगांमधून आपोआप बारीक पीठ गळतं, त्याने बोर्ड तसाही गुळगुळीत होत जातो.

१२. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, गुडघेदुखी आहे. त्यांना जमेल का? आणि लहान मुलांचं काय?

जमेल, आणि मी तर म्हणेन त्यांच्यासाठीच बोर्ड आणा. आपले आई-बाबा इथे आले की दिवसभर घरात बसून असतात, गाडी चालवता येत नाही, संध्याकाळी एक वॉक झाला की संपलं. या खेळात पळायचं नाही, वाकायचं ते फक्त बॅगा उचलायला, तेही नातवंडं करतात. हात खालूनच फिरतो त्यामुळे खांद्यावर फार ताण येत नाही. उभं राहवत नसेल तर बोर्डच्या बाजूला खुर्ची टाकून बसून टाकू दे, व्हीलचेअरवरूनही खेळतात लोक. डबल्स खेळवा म्हणजे चालायला नको (प्रश्न ७).

आमच्या पिकनिकला हे दरवर्षी होतं. साडीवर स्नीकर्स घातलेल्या एखाद्या काकू आधी म्हणतात, "नको गं, मला नाही जमायचं," मग कुणीतरी हातात बॅग देतं, पहिली गवतात पडते, दुसरी बोर्डच्या कडेला लागून खाली येते, तिसरी बोर्डवर राहते आणि मग काकू पदर खोचतात. त्यानंतर जेवायला बोलावलं तरी येत नाहीत. एकदा काका मागून सूचना द्यायला लागले तर "तुम्ही गप्प बसा हो, माझा नेम जातो" असं भर पिकनिकमध्ये ऐकवलं होतं.

मुलांसाठी बोर्ड जवळ आणा, अगदी लहान असतील तर १२-१५ फूट, थोडी मोठी असतील तर २१. मोठे आणि छोटे एकत्र खेळत असतील तर बोर्ड हलवू नका, मुलांना पुढे येऊन टाकू द्या. आणि बॅगा हवेत असताना मध्ये कुणी पळायचं नाही, हा एकच नियम कडक ठेवा, अर्धा किलोची बॅग डोक्याला लागली तर दुखतं.

१३. माझ्या बॅगने धक्का लागून समोरच्याची बॅग भोकात गेली. पॉइंट कुणाचा?

ज्याची बॅग त्याचे ३ पॉइंट. कुणी ढकलली याने काही फरक पडत नाही. तसंच तुमच्या बॅगने त्याची बोर्डवरची बॅग खाली पाडली तर त्याचा तो १ गेला. मोजायचं ते राउंडच्या शेवटी जे जिथे आहे तसं, मधल्या स्थितीला अर्थ नाही. म्हणून पॉइंट ठरेपर्यंत बोर्डवरची एकही बॅग कुणी उचलू नका, सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

१४. बॅग अर्धी बोर्डवर, अर्धी बाहेर लटकतेय. किंवा जमिनीवरून उडून बोर्डवर आली. मोजायची का?

लटकतेय पण जमिनीला लागत नाही: १ पॉइंट. कोपरा जमिनीला लागलाय: शून्य. आधी जमिनीवर आपटून मग बोर्डवर चढली: शून्य, आणि ती लगेच बोर्डवरून काढून ठेवायची, पुढच्या बॅगांच्या आड यायला नको. दुसऱ्या बॅगेवर चढून बसली आहे पण जमिनीला लागत नाही: १. भोकावर लटकतेय, पडेल पडेल वाटतंय पण पडलेली नाही: १. झाडाच्या फांदीला किंवा बेसमेंटच्या सीलिंगला लागून आली: फाउल, भोकात गेली तरी. कुत्र्याने उचलून नेली तर होती तिथे परत ठेवा, दोघांना आठवत नसेल तर ती बॅग परत टाका, त्यासाठी नियमांचं पुस्तक लागत नाही.

१५. भोकाखाली बॅगांचा ढीग झाला आणि नवीन बॅग त्याच्यावरच अडकून राहिली, पूर्ण आत गेलीच नाही. ३ की १?

हा खरंच अवघड आहे आणि चांगले खेळणारे जमले की हमखास येतो. तत्त्व असं की खालचा ढीग नसता तर बॅग पडली असती का. पडली असती तर ३. पण हे नंतर ठरवायला बसलं की वाद, म्हणून भोकात चार-पाच बॅगा गेलेल्या दिसल्या की खेळ थांबवा, समोरच्याला सांगून बोर्डच्या खालून हात घालून ढीग पसरवा, वरच्या बॅगांना अजिबात धक्का न लावता, आणि मग पुढची टाका.

१६. शेजाऱ्यांची तक्रार येते का? आमच्याकडे एच.ओ.ए. (घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी) आहे.

आवाजाची येऊ शकते. गवतावर बोर्ड ठेवला तर आवाज कमी, काँक्रीटच्या पॅटिओवर किंवा लाकडी डेकवर चांगलाच घुमतो. तिथेच खेळायचं असेल तर पायांखाली रबराचे तुकडे किंवा जुनं योगा मॅट घाला. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शेजाऱ्यांनाच खेळायला बोलवा. आमच्या गल्लीत ज्यांच्याशी वर्षानुवर्षं नुसतं "हाय" होतं ते लोक बोर्ड बघून स्वतः आले, इथे जन्मलेल्या माणसाला या खेळात बोलावलं की तो नाही म्हणत नाही, आणि मग आपली कांदाभजी खातो.

१७. पुण्यात माझ्या सोसायटीत करायचं आहे. इथे कसं जमवू?

अमेरिकेतून बोर्ड नेऊ नका, उगाच वजन. आपल्याकडे ८ बाय ४ चं प्लाय मिळतं, त्या एका शीटमधून ४ बाय २ चे चार तुकडे निघतात, म्हणजे दोन पूर्ण सेट. १८ एम.एम.चं घ्या, पावसाळ्यामुळे वॉटरप्रूफ ग्रेडचं, आणि प्रश्न ९ मधली मापं सुताराला कागदावर लिहून द्या, एका दिवसात करून देईल. सेंटीमीटरमध्ये सांगायचं तर बोर्ड १२२ बाय ६१, भोक १५ चं, मागची उंची साडेतीस, आणि दोन बोर्डांमधलं अंतर ८.२३ मीटर. पार्किंगमध्ये सहज बसतं.

बॅगांमध्ये मात्र तिकडे मका भरू नका, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सोंडे पडतात. प्लास्टिकचे दाणे मिळाले तर तेच, आणि जाड कॅनव्हास शिवून देणारा बॅगवाला प्रत्येक पेठेत आहे.

१८. प्रो लोकांमध्ये बॅगांचा घोटाळा झाला होता म्हणे, ते काय?

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट, साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलला ए.सी.एल.ची वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू होती. डबल्सच्या मॅचमध्ये एका टीमच्या बॅगा मापापेक्षा लहान आहेत अशी तक्रार झाली. तपासल्या तर खरंच नियमात बसत नव्हत्या, मग दुसऱ्या टीमच्या तपासल्या तर त्याही नाहीत. मुद्दाम केलेलं नाही असं ठरवून मॅच पुढे चालू ठेवली. लहान बॅगेचा फायदा उघड आहे, भोक तेवढंच राहतं आणि बॅग सहज जाते. बॅगा वापरून, धुऊन मऊ आणि लहान होतात, म्हणून घरच्या बॅगासुद्धा अधूनमधून पट्टी लावून बघा, आणि दोन्ही टीमच्या बॅगा एकाच सेटमधल्या, सारख्याच जुन्या ठेवा.

१९. मंडळाच्या पिकनिकला टूर्नामेंट ठेवायची आहे, ३०-३५ लोक आहेत. कशी आखायची?

डबल्सच्या १६ टीम करा. नॉकआउट ठेवलं तर १५ गेम, एका गेमला २० मिनिटं धरली आणि दोन कोर्ट (म्हणजे बोर्डांच्या दोन जोड्या) असले तर दोन तास चाळीस मिनिटांत फायनल संपते. पण नॉकआउटमध्ये अर्ध्या लोकांचा पहिल्याच गेमला पत्ता कट होतो आणि ते नाराज होऊन जेवणाच्या लाइनमध्ये जातात, म्हणून हरलेल्यांसाठी बाजूला तिसरा कोर्ट मोकळा ठेवा, स्पर्धा नाही, नुसतं खेळायला. टीम चिठ्ठ्या टाकून पाडा, नवरा-बायको एकत्र नको, एक जण चाळिशीच्या वरचा आणि एक खालचा असं केलं तर सगळ्यात रंगतात.

दोन कोर्टांमध्ये निदान १० फूट सोडा. प्रश्न ५, ६ आणि १४ मधले नियम मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून टेबलला चिकटवा. प्रत्येक कोर्टवर पॉइंट लिहायला एक जण हवा, आणि ते काम दहावी-बारावीतल्या पोरांना द्या, वजाबाकीत एकही चूक करत नाहीत आणि कुठल्याच काकांना घाबरत नाहीत. दोन बॅगा एक्स्ट्रा ठेवा, शिवण उसवतेच. बोर्ड सकाळीच टेप लावून मांडून ठेवा, आणि कोपऱ्यांशी जमिनीत छोटी झेंडी खोचा, दुपारपर्यंत कुणीतरी सरकवतंच, मग झेंडी बघून परत जागेवर आणता येतात.